एक घंटी म्हणजे ऐकलं

१

पहाटे साडेपाचला नारायण पेठेत तीन तऱ्हेची माणसं जागी असतात: दूधवाले, पेपरवाले आणि ज्यांना घरात झोप लागत नाही ते. अवधूत तिसऱ्यांपैकी. वय चव्वेचाळीस, खराडीला नोकरी, गुडघे अजून शाबूत. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी तो सायकल खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरत होता. इमारतीला लिफ्ट होती, पण तिच्यात 'सायकल ही चालवण्याची वस्तू आहे, लिफ्टने फिरवण्याची नव्हे' अशी पाटी होती. पाटी लिहिणारे गृहस्थ पहाटेसुद्धा दाराच्या भोकाला डोळा लावून बसत, असा सगळ्यांचा समज होता.

त्याच्या घरात सायकली दोन होत्या. दुसरी गॅलरीत भिंतीला टांगलेली, स्वरालीची. स्वराली म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन परवा दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत अवधूतने त्या सायकलीला हात लावला नव्हता, पुसायलासुद्धा नाही. आज निघताना मात्र त्याने तिच्या हँडलवरची पितळी घंटी सोडवली आणि आपल्या हँडलला बसवली. घंटीला बारीक चीर गेलेली होती. त्यामुळे ती किणकिणत नसे, वाटीवर चमचा आपटावा तशी 'टंक' करून गप्प होई. हजार घंट्यांत ओळखू यावी अशी.

रस्ता ठरलेला होता. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, चौफुला, यवत. यवतपासून उरुळीपर्यंत कालव्याच्या काठाकाठाने मुरमाची वाट, आणि मग थेऊर, मांजरी, घर. पावणेदोनशे किलोमीटर, एका दिवसात. मागच्या वेळी हा रस्ता दोघांनी धरला होता आणि परत एकटा अवधूत आला होता.

आज त्याला एवढंच करायचं होतं: कालव्यावर ती जिथे पडली तिथे जायचं, मोठ्याने 'खड्डा' म्हणायचं, आणि तिच्या वतीने एकदा घंटी वाजवायची. मोटारीने गेलं असतं तर हे काम दोन तासांत उरकलं असतं. पण ते झालं असं त्याला वाटलं नसतं, म्हणून पावणेदोनशे किलोमीटर.

२

जोडीने लांब सायकल चालवणाऱ्यांचा एक रिवाज असतो. पुढचा वारा फोडतो आणि मागचा त्याच्या आडोशाने, चाकाला चाक लागेल इतक्या जवळून येतो. मागच्याला रस्ता दिसतच नाही. त्याला दिसतं पुढच्याचं मागचं चाक. म्हणून पुढच्याने दोघांचे डोळे व्हायचं. खड्डा आला की 'खड्डा', खडी आली की 'खडी', कुत्रं आलं की 'कुत्रं' अशी हाक द्यायची. मागच्याने एक घंटी वाजवायची. एक घंटी म्हणजे ऐकलं. पुढच्याने मागे वळून मात्र बघायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळतं आणि दोघं आडवे होतात. पुढचा दमला की तो उजवं कोपर हलवतो. मागचा दोनदा घंटी वाजवून उजवीकडून पुढे येतो, आणि पुढचा मागे सरकतो. संसारापेक्षा सोपे नियम आहेत हे, आणि तितकेच मोडायला सोपे.

आठ वर्षं दोघांनी अशी सायकल चालवली. पुढे नेहमी अवधूत. त्याने कधी कोपर हलवल्याचं स्वरालीला आठवत नव्हतं, आणि ती हे चारचौघांत हसून सांगायची.

सवय जात नाही ती नाहीच. हडपसरच्या पुलाखाली रस्ता उखडलेला होता. अवधूतच्या तोंडून आपसूक 'खड्डा' गेलं. शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की बाकी काही बोलायची गरज उरली नाही. अवधूतला स्वतःचीच लाज वाटली. मागे कोणी नाही, हे दोन वर्षांत पाठ व्हायला हवं होतं.

दिवे घाट चढून तो वर आला तेव्हा उजाडलं होतं. सासवडच्या उतारावर चाकं मोकळी सुटली. वळणापाशी गतिरोधक दिसला.

"ब्रेकर," तो म्हणाला.

मागून आवाज आला. टंक.

३

अवधूत हिशेबी माणूस. कंपनीत लोक त्याच्याकडे अशा तक्रारी घेऊन येत, ज्यांचं कारण सापडत नाही, आणि तो कारण शोधून देई. इथे तर कारण डोळ्यांसमोरच होतं. घंटी त्याच्याच हँडलवर होती. गतिरोधकावर चाक उडालं, घंटी हलली, वाजली. आवाज मागून आल्यासारखा वाटला, कारण तो मागून यायची आठ वर्षांची सवय होती कानांना.

तरी त्याने सासवडच्या बाहेर थांबून खिशातला रुमाल काढला आणि घंटीभोवती घट्ट बांधला. वाजवून पाहिली. आतल्या आत फक्त एक ठसका उमटला. तो पुन्हा निघाला.

जेजुरीच्या अलीकडे रस्त्यावर खडी सांडलेली होती. तो काहीच बोलला नाही. दात आवळून गेला, आणि मागे शांतता होती. पुढे पुन्हा खडी आली. या वेळी तो हलक्या आवाजात, जवळजवळ चोरून म्हणाला, "खडी."

टंक.

हँडलवरचा रुमाल जागच्या जागी होता. आवाज त्याच्या पाठीमागून आला होता, कंबरेच्या उंचीवरून, एका चाकाच्या अंतरावरून. आवाजाला घाई नव्हती की तक्रार नव्हती.

मान वळवून पाहणं एका क्षणाचं काम होतं. त्याने ते केलं नाही. पुढच्याने मागे बघायचं नसतं, असं त्याने स्वतःला बजावलं. पण खरी गोष्ट निराळी होती, आणि तीही त्याला ठाऊक होती. वळून पाहिलं आणि मागे कोणी नसतं, तर घंटी थांबली असती. आणि मागे कोणी असतं, तर ते दिसलं असतं.

तो हाका देत राहिला. खड्डा, टंक. गाडी, टंक. ब्रेकर, टंक. दहा वाजेपर्यंत त्याची भीती थोडी बोथट झाली, आणि तिच्या जागी जे आलं त्याची त्याला जास्त भीती वाटली. त्याला बरं वाटत होतं. दोन वर्षांत त्याच्या कुठल्याही बोलण्याला घरातून उत्तर आलं नव्हतं.

४

मोरगावच्या पुढे बाभळीचा काटा लागला. ट्यूब बदलताना दुसऱ्या ट्यूबचा वॉल्व्हच तुटला, तेव्हा तो सायकल ढकलत रस्त्याकडेच्या पंक्चरच्या टपरीवर आला. टपरीवाल्याचं नाव मच्छिंद्र, हे टपरीवरच रंगवलेलं होतं.

मच्छिंद्रने चाक उतरवलं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, ठिगळ लावलं. चाक परत बसवताना त्याचा हात मागच्या मडगार्डवर थांबला.

"तुमचा जोडीदार लईच चिकटून चालवतोय की ओ," तो म्हणाला.

"कोण जोडीदार?"

"आता ते मला काय म्हाईत. हे बघा ना." त्याने बोट दाखवलं. मडगार्डभर बारीक तांबडी धूळ बसली होती. फक्त खालच्या टोकाला ती पुसली गेली होती, आणि तिथे रबराचे काळे ओरखडे उठले होते, एकावर एक. "म्हागच्याचं चाक घासतंय हितं. ताजं हाय. त्यास्नी सांगा, जरा दमानं. पुढचा हलला की म्हागचा गेलाच."

"मी एकटाच आहे," अवधूत म्हणाला.

मच्छिंद्रने त्याच्याकडे पाहिलं, मग आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, आणि हात पुसायला लागला. पैसे घेताना त्याने नेहमीचं 'या परत' म्हटलं नाही.

सुप्याच्या फाट्यावर तीन कुत्री अंगावर आली. अवधूत "कुत्रं" म्हणाला, मागून घंटी झाली, आणि कुत्री त्याला सोडून मागे धावली. भुंकणं एकदम तुटलं. नंतर फक्त नखांचा आवाज आला, डांबरावर उलटं पळताना होतो तसा.

५

यवतला तो साडेपाचला पोचला. महामार्गाच्या कडेला सरुबाईंचं चहाचं दुकान होतं, वर पत्रा आणि आत दोन बाकं. जायचं नाही असं ठरवूनही तो तिथेच थांबला. सायकल भिंतीला टेकवताना त्याने मडगार्डकडे बघायचं टाळलं.

सरुबाईंनी त्याला लगेच ओळखलं. साठीच्या पुढची बाई, पण गिऱ्हाईक विसरत नसे.

"तुमीच न्हवं का ते," त्या चहा गाळत म्हणाल्या. "बाई गेल्या त्या दिशी हितंच बसला हुता. वाईट झालं बगा. त्या बाकावर बसून हसत हुत्या."

"भांडण झालं होतं आमचं," अवधूत म्हणाला. हे तो आजवर कोणाजवळ बोलला नव्हता.

"त्या कुठं भांडत हुत्या. तुमीच फुगला हुता. त्या मला म्हनत हुत्या, मावशी, ह्यो मानूस मला कदी म्होरं जाऊ देत न्हाई, एकदा तुमीच सांगा." सरुबाईंनी पेला पुढे ठेवला. "कॅनॉलवरनं जानार असाल तर नका जाऊ. पाइप टाकाया परत आडवी चारी खांदलीया म्हनं कुनीतरी. कुठं ते म्हाईत न्हाई. दिस बुडायच्या टायमाला दिसायची न्हाई. हायवेनं जावा."

"जातो," तो म्हणाला. कुठून ते बोलला नाही.

त्या दिवशी या दुकानातून निघताना त्याने अबोला धरला होता. घरी ते नेहमीचंच होतं. काही बिनसलं की अवधूत दोन दिवस बोलत नसे, स्वराली दोन दिवस वाट पाहत असे, तिसऱ्या दिवशी आमटी चांगली झाली म्हणून तह होई. पण अबोला घरात धरायचा असतो. त्याने तो सायकलवर धरला. पुढे जायचंय ना, मग बघ आपल्या डोळ्यांनी, असं मनात म्हणत त्याने कालव्याच्या वाटेवर एकही हाक दिली नाही. एक खड्डा गेला, दुसरा गेला. मागे ती सांभाळून घेत होती. तिसरी एक चारी होती, पाइपसाठी वाटेत आडवा खणलेला फूटभर रुंद चर. ती त्याला चांगली वीस पावलांवरून दिसली. त्याने हँडल उचलून दोन्ही चाकं उडवली आणि पलीकडे गेला. तोंड उघडलं नाही.

मागे पाण्याचा आवाज झाला होता. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं, कालवा काठोकाठ. त्याला वाटलं, तिने चिडून दगड टाकला. तो तसाच पुढे गेला, अडीच किलोमीटर, मागे न बघता. मागे बघायचं नसतंच.

पंचनाम्याच्या वेळी हवालदार म्हणाला होता, ब्रेक मारल्याची खूणच नाही, बाईंनी बोटंसुद्धा लावली नसतील. अवधूतने सगळ्यांना सांगितलं, मला चारी दिसलीच नाही. तेराव्याला स्वरालीचा थोरला भाऊ श्यामसुंदर त्याच्या शेजारी येऊन बसला होता. "तुला दिसली नाही," तो हळू आवाजात म्हणाला, "मग तू पडला कसा नाहीस, अवधूत?"

"नशीब," अवधूत म्हणाला होता. श्यामसुंदर त्यानंतर त्याच्या घराची पायरी चढला नाही.

६

कालव्याची वाट सूर्याच्या तोंडाने जाते. उजवीकडे पाणी, डावीकडे उसाचं शिवार, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा मुरूम. समोरून पश्चिमेचा वारा सुटला होता आणि ऊन थेट डोळ्यांत येत होतं. सव्वाशे किलोमीटर अंगावर घेतलेल्या माणसाला हा वारा भिंतीसारखा लागतो.

"खड्डा," तो म्हणाला. टंक.

"खडी." टंक.

तो बारीकसारीक सगळं सांगत सुटला. दगड, चाकोरी, ओल, फांदी. दोन वर्षांपूर्वीचं सगळं आज फेडून टाकायचं असल्यासारखा. प्रत्येक हाकेला मागून घंटी येत होती. पण आता घंटीबरोबर आणखी काहीतरी ऐकू येत होतं. ओले कपडे अंगाला चिकटून हलतात तसा आवाज, पायडलच्या तालावर.

ती जागा आली. मोरीचा पांढरा कठडा, पलीकडे वाकडं बोरीचं झाड. जुनी चारी केव्हाच बुजवलेली होती, वर गवत आलं होतं. अवधूतने वेग कमी केला नाही. पायांना थांबायचं धैर्य झालं नाही. त्याने सकाळपासून जपून आणलेला शब्द उच्चारला.

"खड्डा."

मागून काहीच आलं नाही.

तो पुन्हा म्हणाला. मग ओरडला. उसात वारा वाजत होता आणि चाकाखाली मुरूम करकरत होता. दिवसभरात पहिल्यांदा मागे शांतता होती. आणि त्याला कळलं, की ही शांतता त्याच्या ओळखीची आहे. त्याने स्वतःच ती दोन दोन दिवस घरात पाळली होती. मागे कोणी नव्हतं असं नाही. मागचं माणूस बोलत नव्हतं.

त्याला रडू आलं. मोरी मागे पडली तरी तो थांबला नाही, आणि आता वाऱ्याशी झुंजायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. मांड्या भरून आल्या होत्या, पाठ मोडली होती. आठ वर्षांत जे केलं नाही ते त्याच्या हाताने आपणहून केलं.

त्याचं उजवं कोपर हललं.

७

टंक, टंक.

त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये हातभर जागा होती. त्या जागेतून ती पुढे आली. अवधूतने मान सरळ ठेवली, तरी डोळ्याच्या कोपऱ्याला जे दिसायचं ते दिसलंच. गुडघा वर आला, खाली गेला. बुटाची नाडी सुटलेली होती. मनगटावर एक थेंब पडला, गार. मग तिचा आकार सूर्याच्या आड गेला आणि त्या लखलखाटात नुसतं काळं काहीतरी उरलं, पाठमोरं.

वारा थांबला.

म्हणजे वारा उसात वाजतच होता, फक्त अवधूतला लागत नव्हता. कोणाच्या आडोशाने सायकल चालवणं काय असतं, हे त्याला आज चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. पाय हलके झाले. छाती मोकळी झाली. इतकं सुख या जागेवर बसून ती आठ वर्षं घेत होती, आणि तरीही तिला पुढे यायचं होतं.

सूर्य टेकला. डोळ्यांतलं ऊन गेलं आणि सगळं करडं झालं. आता त्याला फक्त पुढचं चाक दिसत होतं, आपल्या चाकापासून चार बोटांवर. त्या चाकामागे कोरड्या मुरमावर ओली रेघ उमटत होती. तिच्या पलीकडची वाट त्याला दिसत नव्हती, आणि मागच्याला ती दिसायची नसतेच.

मग त्याला सरुबाईंचं बोलणं आठवलं. आडवी चारी. कुठं ते माहीत नाही.

"मला दिसली होती," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्याच्या तोंडून निघाले. "स्वराली, मला दिसली होती. मी बोललो नाही."

पुढचं चाक वेगाने फिरू लागलं. त्याचे पायही त्याबरोबर फिरू लागले. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर बावीस दिसत होते, मग चोवीस, मग सत्तावीस. आठ वर्षं तिची जागा असलेल्या त्या मागच्या अंधाऱ्या खोबणीत बसून तो खेचला जात होता. बोटं ब्रेकवर होती. जरा दाबली की चाक निसटेल, आडोसा जाईल, वारा परत येईल, आणि तो एकटा उरेल. एकटा, पण शाबूत.

ब्रेक मारल्याची खूणच नाही, हवालदार म्हणाला होता. बोटंसुद्धा लावली नसतील. कशाला लावेल ती? पुढे अवधूत होता.

त्याने डाव्या हाताने घंटीवरचा रुमाल ओढून काढला. तो वाऱ्यावर उडून पाण्यात गेला. मग त्याने एकेक करून ब्रेकवरची बोटं सोडली. अंगठा घंटीवर ठेवला, ऐकलं म्हणून सांगायला, आणि डोळे त्या ओल्या चाकावर लावून पुढून हाक येण्याची वाट पाहत तो चालवत राहिला.